शेजारच्यांचा नंबर लागला, आमचा का नाही?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहता. मिस्टर रिक्षा चालवतात, तुम्ही ओबीसी प्रवर्गात येता. मुलीचा जन्म नोव्हेंबर 2019 चा. शिक्षण हक्क कायद्यातून (आरटीई) खासगी शाळांत ज्या 25 टक्के मोफत जागा मिळतात, त्यासाठी 2025-26 च्या अर्जात दहा शाळा टाकल्या, एकातही नंबर लागला नाही, एका शाळेत वेटिंग आहे. रस्त्यापलीकडच्या चाळीतल्या मुलाचा मात्र तुम्ही टाकलेल्याच दुसऱ्या एका शाळेत नंबर लागला. तेव्हा ही सोडत खरी असते का, 25 हजार घेऊन 'आतून काम करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे द्यावेत का, आणि पुढच्या वर्षी काय करावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी केंद्रप्रमुख, म्हणजे शिक्षण खात्यात शाळांवर देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झालो. त्याआधी काही वर्षे निवड झालेल्यांचे कागद तपासणाऱ्या पडताळणी समितीत बसलो आणि आता जानेवारी-फेब्रुवारीत पालकांचे अर्ज फुकट भरून देतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे जातात. देऊ नका. या माणसाचा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. तो दहा पालकांकडून 25-25 हजार घेतो आणि 'काम नाही झाले तर पैसे परत' असे छातीठोक सांगतो. मग घरी जाऊन झोपतो. दर तीन अर्जांमागे साधारण एक नंबर लागतोच, म्हणजे दहांतले तिघे नशिबानेच लागतात. उरलेल्या सातांचे पैसे तो हसत परत करतो आणि 'साहेबच बदलले हो या वेळी' म्हणतो. 75 हजार खिशात राहिले, शिवाय सात जणांत इमानदार म्हणून नाव झाले. ज्या तिघांचे काम 'झाले' ते पुढच्या वर्षी त्याची जाहिरात करतात. या सगळ्यात त्याने संगणकाला बोटसुद्धा लावलेले नसते.

आता सोडत खरी का. सोडत राज्यासाठी एकदाच, पुण्यात होते. लहान मुलांच्या हातून आकड्यांच्या चिठ्ठ्या काढल्या जातात, ते आकडे संगणकात भरले जातात आणि त्यावरून सगळ्या राज्याची यादी एकदम लागते. 2025-26 ची सोडत 10 फेब्रुवारी 2025 ला झाली. पूर्वी ती जिल्ह्याजिल्ह्यांत व्हायची, तेव्हा कुजबुजीला वाव जास्त होता. आज तालुक्याच्या कार्यालयातल्या कारकुनाच्या, शाळेच्या मुख्याध्यापकाच्या किंवा नगरसेवकाच्या हातात निवड यादीत नाव घालणे नाही. यादी लागल्यानंतर कागदपत्रांत कोणाला अडवता येते किंवा कोणाकडे काणाडोळा करता येतो, हे मान्य. पण ते सोडतीनंतरचे आहे.

तरीही रस्त्यापलीकडच्या मुलाचा नंबर लागला आणि तुमचा नाही, याला नुसते नशीब म्हणून मी मोकळा होणार नाही. तुमचा अर्ज क्रमांक घालून मी शाळांची यादी पाहिली. दहापैकी आठ शाळा तुमच्या घरापासून एक किलोमीटरच्या बाहेर आहेत. तुम्ही दहा तिकिटे काढली असे तुम्हाला वाटते, पण खरी तिकिटे दोनच होती.

ते असे. पोर्टल तुमच्या घराची नकाशावरची खूण धरते. केंद्रावर आम्ही तिला फुगा म्हणतो. त्या फुग्यापासून शाळेपर्यंतचे अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत मोजले जाते. मग शाळेनुसार तीन गट पडतात: एक किलोमीटरच्या आतले, एक ते तीन किलोमीटरमधले, आणि तीनच्या पलीकडचे. आधी पहिला गट. त्यातून जागा उरल्या तर दुसरा, त्यातूनही उरल्या तर तिसरा. समजा शाळेत 12 जागा आहेत आणि एक किलोमीटरच्या आतून 45 अर्ज आले, तर सोडत त्या 45 जणांतच होते. एक ते तीनमधून 130 अर्ज आलेले असोत नाहीतर 300, त्यांच्यापर्यंत पाळीच येत नाही. जी नावाजलेली आहे आणि जिच्या आसपास वस्ती दाट आहे, त्या शाळेसाठी दुसऱ्या गटातला अर्ज भरला काय आणि न भरला काय, सारखेच. त्या चाळीतल्या मुलाला मिळालेल्या शाळेपासून तुमचे घर 1 किलोमीटर 80 मीटरवर पडते. रस्त्यापलीकडची चाळ 960 मीटरवर. त्या मुलाला तुमच्यापेक्षा जास्त नशीब लागले नाही, तो फक्त वर्तुळाच्या आत होता.

ऐकायला क्रूर वाटते, पण हे एक आणि तीनचे आकडे कोणी गंमत म्हणून ठरवलेले नाहीत. शिक्षण हक्काचा कायदा 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. राज्याच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे आहे. सहा वर्षांच्या पोराने रोज चालत जायचे अंतर म्हणून तो एक किलोमीटर आला. कायद्यातला शब्दच 'शेजारची शाळा' असा आहे. खासगी विनाअनुदानित शाळेने प्रवेशवर्गाच्या किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, हे कलम 12 सुद्धा शेजारच्याच मुलांपुरते आहे. आपण पालक मात्र शेजार पाहत नाही, बोर्डावरचे नाव पाहतो. मीही माझ्या मुलाच्या वेळी तेच केले होते, तेव्हा तुम्हाला काय बोलू.

आता थोडे मोठ्या आकड्यांकडे या, कारण 'जागाच कमी आहेत' हे अर्धेच खरे आहे. 2025-26 साठी राज्यात साडेआठ हजारांवर शाळा, सुमारे 1 लाख 9 हजार जागा आणि 3 लाखांच्या वर अर्ज. एकट्या पुणे जिल्ह्यात 18 हजारांवर जागांना 60 हजारांवर अर्ज. म्हणजे एका जागेमागे तीन मुले. मग सोडतीत निवड किती मुलांची झाली? 1 लाख 9 हजारांची नाही, 1 लाख 2 हजारांच्या आसपास. दोन लाख मुले बाहेर उभी आणि आत सात हजार खुर्च्या रिकाम्या. 2023-24 लाही तेच: 1 लाख 1 हजार 846 जागा, 3 लाख 64 हजारांवर अर्ज, आणि निवड 94 हजार 700 ची. तेव्हाही सातेक हजारांचाच फरक.

त्या रिकाम्या खुर्च्या कुठे असतात ते मला विचारा. तालुक्याच्या गावाबाहेर नव्याने निघालेली, पत्र्याच्या वर्गांची इंग्रजी शाळा, जिथे भरायला मुलेच नाहीत. शहरातली एखादी मराठी माध्यमाची स्वयंअर्थसाहाय्यित शाळा, जी कोणी यादीत टाकतच नाही. किंवा चांगली असूनही एमआयडीसीच्या कडेला असलेली, जिच्या एक किलोमीटरच्या वर्तुळात कारखाने आहेत आणि घरे नाहीत. शेवटच्या प्रकारची एक शाळा मी दर वर्षी दोन-तीन पालकांना सुचवतो. तिथे तिसऱ्या गटातल्याचाही नंबर लागतो. पालक नाव ऐकतात, 'बघतो' म्हणतात आणि जाऊन तीच पाच नामांकित नावे टाकतात.

2024 मध्ये तर या सगळ्याची एक मोठी परीक्षाच झाली, कोणी ठरवून घेतली नव्हती तरी. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला 25 टक्क्यांतून सूट. शहरात अशी सूट न मिळणारी खासगी शाळा शोधूनच काढावी लागली असती. त्याऐवजी जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळाच पोर्टलवर आल्या. जागा झाल्या सुमारे 8 लाख 86 हजार, शाळा 76 हजार. कागदावर तुटवडा संपला. अर्ज किती आले? 70 हजारसुद्धा नाहीत. पालकांचे म्हणणे सरळ होते: जिल्हा परिषदेच्या शाळेत मला कोणी अडवलेलेच नाही, तिथे जायला मी लॉटरीत कशाला उभा राहू?

6 मे ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली, खासगी शाळा परत यादीत आल्या, आणि नव्याने मागवलेले अर्ज 2 लाख 42 हजारांवर गेले. 7 जूनला सोडत झाली, पण निकाल अडकून पडला. 19 जुलैला न्यायालयाने तो बदल रद्द केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी यादी लागली. शाळा जूनच्या मध्यात सुरू झालेल्या. माझ्या ओळखीचा एक पोरगा जुलैअखेरीस वर्गात गेला, तेव्हा बाकीची मुले बेरजा करत होती आणि हा 'अ'च्या काना-वेलांटीत होता. त्याचे पहिले दोन महिने कुठे गेले याचा हिशेब कोणत्याही आदेशात नाही.

मला वाटते खरा तुटवडा जागांचा नाही, विश्वासाचा आहे. हे म्हणताना मी पालकांना बोल लावत नाही. ज्या शाळेत पाच वर्गांना दोन शिक्षक आहेत आणि त्यातला एक निवडणुकीच्या, जनगणनेच्या, पोषण आहाराच्या कागदांत बुडालेला आहे, तिथे मूल घाला असे मी कोणत्या तोंडाने सांगू? पण उलट उदाहरणेही आहेत. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी बाहेरगावच्या पालकांची प्रतीक्षा यादी लागली होती. मुंबई महापालिकेने सीबीएसईच्या शाळा काढल्या, तर तिथेही जागांपेक्षा अर्ज जास्त आले आणि सोडत काढावी लागली. सरकारी पाटीमुळे लोक पळत नाहीत, वर्ग भरलेला आणि मास्तर जाग्यावर दिसला की तेच लोक रांग लावतात. दुसरीकडे राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या जवळजवळ 15 हजार शाळा आहेत. एकीकडे पट नाही म्हणून शाळा एकत्र करायच्या गोष्टी, दुसरीकडे एका जागेमागे तीन मुले. दोन्ही एकाच जिल्ह्यात, कधीकधी एकाच तालुक्यात.

शाळांची बाजूही थोडी ऐका, कारण पुढे तुमचा त्यांच्याशी संबंध येणार आहे. या 25 टक्क्यांतल्या मुलाची फी शासन शाळेला देते, पण शाळेची असेल तेवढी नाही. शासनाचा दर मुलामागे होणारा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, जे कमी असेल ते. महाराष्ट्रात तो आकडा बरीच वर्षे 17 हजार 670 रुपये आहे. कोरोनाच्या काळात तर तो 8 हजारांवर आणला होता. ज्या शाळेची फी 60-70 हजार आहे तिला हा तोटा वाटतो, आणि तीही रक्कम वर्षानुवर्षे थकते. म्हणून काही शाळा पट कमी दाखवतात. काही अल्पसंख्याक दर्जा घेतात, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये विनाअनुदानित आणि 2014 मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळा या कायद्यातून बाहेर ठेवल्या. काही प्रवेश देतात आणि मग 'ॲक्टिव्हिटी फी'ची चिठ्ठी घरी पाठवतात. शाळेची अडचण खरी आहे. पण ती रिक्षावाल्याच्या खिशातून भरून काढायची नसते.

ही मोफत जागा आठवीपर्यंतच. इथे एक गोष्ट सांगतो, कारण प्रवेशाच्या वेळी कोणी ती सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. मुलगी आठवीत, पहिलीपासून आरटीईतून एका मोठ्या शाळेत, वर्गात पहिल्या पाचात. एप्रिलमध्ये शाळेने नववीची फी सांगितली. बाई चार घरची धुणीभांडी करायच्या. त्यांना वाटले काहीतरी चूक झाली, सरांनी एक पत्र लिहिले की सुटेल. चूक नव्हती. कायदा 6 ते 14 वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. नववीची फी पूर्ण, तीही एकदम. मुलीने शेवटी महापालिकेच्या माध्यमिक शाळेत नाव घातले. अभ्यासात ती मागे पडली नाही, पण वर्षभर कोणाशी बोलत नव्हती असे तिची आई म्हणाली. म्हणून पहिलीच्या प्रवेशाचा पेढा वाटतानाच नववीचा विचार करा. महिन्याला जमेल तेवढे आठ वर्षे बाजूला टाकले तरी हाताशी काही राहते.

आता तुमचा तिसरा प्रश्न, पुढच्या वर्षी काय.

एक चांगली बातमी आहे आणि ती तुम्हाला ठाऊक नसावी. तुमची मुलगी नोव्हेंबरची आहे. पहिलीसाठी 31 डिसेंबरला किमान 6 वर्षे पूर्ण लागतात आणि कमाल वय 7 वर्षे 5 महिने 30 दिवस आहे. म्हणजे खिडकी एक वर्षाची नाही, दीड वर्षाची आहे. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना त्यामुळे दोनदा अर्ज करता येतो. जानेवारी ते जून वाल्यांना एकदाच. यंदा 31 डिसेंबरला तुमची मुलगी 6 वर्षांची, पुढच्या वर्षी 7 वर्षे आणि महिनाभर. दोन्ही वेळा बसते.

पण म्हणून तिला वर्षभर घरी बसवू नका. मी अशी पोरे पाहिली आहेत, मोबाइल हातात आणि वर्ष गेले. महापालिकेच्या शाळेत आत्ताच नाव घाला. तिथे सोडत नाही, जन्मदाखला किंवा आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून नाव नाकारता येत नाही, आणि सेमी इंग्रजीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी आहेत. पुढच्या वर्षी नंबर लागला तर तिला पुन्हा पहिलीतच बसावे लागेल आणि दहावी एक वर्ष उशिरा होईल. हा तोटा घ्यायचा का, हे तेव्हा ठरवा. कदाचित महापालिकेच्या शाळेतल्या बाई तिला आवडलेल्या असतील.

अर्ज भरायचाच असेल तर फुग्यापासून सुरुवात करा. सायबर कॅफेवाला घाईत फुगा चौकात टाकून मोकळा होतो आणि 1 किलोमीटर 80 मीटर हे कधीकधी त्याच्या घाईतून येते. तुमचा फुगा मी तपासला, तो बरोबर घरावर आहे, त्यामुळे इथे काही सुटत नाही. उलट तो ओढून शाळेच्या जवळ नेण्याचा मोह आवरा. पडताळणीत पत्ता आणि फुगा जुळला नाही की प्रवेश जातो. 2024 मध्ये नागपुरात खोटी कागदपत्रे दिल्याबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले होते.

शाळा निवडताना पोर्टल तुम्हाला अंतराप्रमाणेच शाळा दाखवते. एक किलोमीटरच्या आतल्या जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्या आधी पाहून या. पाहून या म्हणजे शाळा सुटायच्या वेळी फाटकापाशी अर्धा तास उभ्या राहा आणि बाहेर येणाऱ्या मुलांच्या आयांशी बोला. ज्यात मूल खरेच घालाल तेवढ्याच टाका, पण त्या सगळ्या टाका. त्यानंतर यादीतल्या उरलेल्या ओळींत एक ते तीनमधल्या अशा शाळा टाका ज्यांच्या आसपास वस्ती कमी आहे. गेल्या वर्षी कोणत्या शाळेत जागा रिकाम्या राहिल्या, ते गटशिक्षण कार्यालयात विचारले की सांगतात. कोणी विचारत नाही, एवढेच. मग नामांकित शाळेसाठी एखादी ओळ ठेवलीत तर ठेवा. माणसाला आशा लागते.

कागदपत्रांबद्दल मात्र मी जरा जास्त बोलणार आहे. सोडतीत नंबर न लागलेल्या पालकाचा चेहरा आणि नंबर लागून कागदापायी अपात्र झालेल्याचा चेहरा, यात फरक असतो. दुसरा मला अजून दिसतो. एक गवंडीकाम करणारा माणूस, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सगळे मूळ कागद नीट क्रमाने लावलेले. निवड पत्र, जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला. सगळे ठीक. शेवटी भाडेकरार. तो 500 च्या स्टॅम्पवर, नोटरीचा गोल लाल शिक्का मारलेला. नियम म्हणतो, भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा आणि 11 महिने किंवा जास्त मुदतीचा हवा. नोटरी चालत नाही. त्याने विचारले, 'साहेब, शिक्का आहे की हो.' आम्ही तिघे समितीत होतो, तिघांनी खाली पाहिले. त्या तारखेनंतर केलेला नोंदणीकृत करार आणला तरी उपयोग नव्हता. मी अपात्र असे लिहिले आणि जागा वेटिंगवाल्याला गेली. लिहिताना माझेही अक्षर नीट आले नाही.

तेव्हा डिसेंबरच्या आत करार नोंदवून घ्या. घरमालक तयार होत नाहीत, कर भरावा लागेल म्हणून घाबरतात. ऑनलाइन नोंदणीचा खर्च आम्ही भरतो असे सांगितले की निम्मे मालक तयार होतात. तुम्ही ओबीसी आहात, त्यामुळे तुम्हाला उत्पन्नाची अट नाही. एक लाखाची मर्यादा आर्थिक दुर्बल गटाला आहे. पण जातीचा दाखला महाराष्ट्रातलाच लागतो आणि तो हातात लागतो, अर्ज केल्याची पावती दाखवून भागत नाही. आपल्या भागात कर्नाटक, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबे इथेच अडकतात. त्यांनी तिकडचा जातीचा दाखला दाखवण्यापेक्षा उत्पन्न बसत असेल तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला काढून दुर्बल गटातून अर्ज करावा. दाखल्यावर आर्थिक वर्ष कोणते लिहिले आहे ते खिडकीवरच वाचा, घरी येऊन नव्हे. मुलाचे नाव जन्मदाखल्यावर, आधारवर आणि अर्जात एकसारखे हवे. 'शिवानी' एकीकडे आणि 'शिवाणी' दुसरीकडे, एवढ्यावरून फेऱ्या मारलेले लोक मी पाहिले आहेत. एका मुलाचे दोन अर्ज भरू नका. आणि एकदा आरटीईतून कुठेही प्रवेश घेतला की पुन्हा अर्ज करता येत नाही.

शाळेने प्रवेशाच्या वेळी मुलीची परीक्षा किंवा तुमची मुलाखत घेतली तर ते बेकायदा आहे. पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. देणगी मागितली तर तिच्या दहा पटींपर्यंत. पण तोंडी मागणीवर कोणी काही करू शकत नाही. 'सर, लेखी द्या, मिस्टरांना दाखवते' एवढेच म्हणा. बहुतेक ठिकाणी मागणी तिथेच विरघळते.

आता या वर्षीच्या वेटिंगचे. ते अजून संपलेले नाही. निवड झालेल्यांपैकी सगळे प्रवेश घेत नाहीत. कोणी गावी गेलेला असतो, कोणाला शाळा लांब पडते, कोणाचा करार नोटरीचा निघतो. त्या जागा वेटिंगच्या क्रमाने खाली येतात. तुमचा नंबर ज्या शाळेत वेटिंगला आहे ती तुमच्या घरापासून एक किलोमीटरच्या आतली आहे. मेसेज येईल म्हणून थांबू नका, बऱ्याच जणांना तो येतच नाही किंवा बदललेल्या नंबरवर जातो. दर दोन-तीन दिवसांनी पोर्टलवर अर्ज क्रमांक घालून स्थिती पाहा. बोलावणे आले तर 'पुढच्या वर्षी जवळची मोठी शाळा मिळेल' म्हणून सोडू नका. हातातली जागा गेली की ती गेली.

बोलावणे आले की मुदत थोड्याच दिवसांची असते, तेव्हा धावपळ नको म्हणून पिशवी आजच भरून ठेवा. आणि तो भाडेकरार, जो घरमालकाकडे आहे असे तुम्ही लिहिले आहे, तो आधी ताब्यात घ्या. नोंदवलेला आहे का आणि तारीख काय आहे ते पाहून मला कळवा. मूळ प्रत हवी, झेरॉक्स पडताळणीत चालत नाही.